मेपलची काकवी, पण कोणत्या भांड्यात?

मार्चच्या पहिल्या मंगळवारी अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या कितीतरी गावांत ग्रामसभा भरते. शाळेच्या हॉलमध्ये लोक जमतात, रस्त्याच्या डागडुजीला किती पैसे, अग्निशमनाच्या गाडीला किती, यावर हात वर करून मतं देतात. जुन्या लोकांच्या लेखी मेपलच्या झाडांना रसासाठी तोट्या ठोकायचा मुहूर्तही हाच; तो रस आटवून सिरप करतात. त्या दिवशी दुपारी आमचे शेजारी, वय ऐंशीच्या पुढचं, लहान मुलांच्या घसरगाडीवर एक भलंमोठं पत्र्याचं पॅन दोरीनं बांधून बर्फातून ओढत आमच्या दाराशी आले.

"माझ्या आजोबांचं आहे," ते म्हणाले. "गेल्या वर्षी तू स्वयंपाकघरात काय उद्योग केलास ते कळलंय मला. यंदा यात कर."

चार फूट लांब, दोन फूट रुंद, सपाट बुडाचं पॅन. बघितल्याबरोबर मला आजोळचं गुऱ्हाळ आठवलं. कोल्हापूरजवळ करवीर तालुक्यात माझ्या मामांचं गुऱ्हाळ होतं. चिपाडांचा जाळ, काहिलीत खदखदणारा उसाचा रस, वर येणारी मळी झाऱ्यानं काढणारा गडी, आणि गुळव्यानं "आता उतरवा" म्हणेपर्यंत श्वास रोखून उभी असलेली आम्ही पोरं. त्याआधी थोडी काकवी वाटीत मिळायची. मी हे सगळं त्यांना सांगितलं, त्यांना आवडलं. मग हात फिरवता फिरवता माझी बोटं पॅनच्या कोपऱ्यांवर गेली. चारही कोपरे डाख देऊन, म्हणजे मऊ धातू वितळवून, जोडलेले होते. जाडजूड, मऊ, राखाडी डाख.

आमचं घर शंभर वर्षांचं आहे. अमेरिकेत 1978 च्या आधीचं घर विकत घेताना रंगातल्या शिशाबद्दलची एक पुस्तिका हातात देतात, तशी आम्हालाही मिळाली होती. व्हरमाँटमध्ये मूल एक वर्षाचं आणि दोन वर्षांचं झालं की रक्तातलं शिसं तपासतात. आमच्या लेकीचं दोन्ही वेळा तपासून झालं होतं, काही निघालं नाही. पण त्या दोन वर्षांत खिडक्यांच्या चौकटी पुसून पुसून माझा जीव गेला होता. आणि जुन्या डाखात शिसं असायचंच. त्यामुळे राखाडी डाख दिसला की माझ्या डोक्यात पहिला शब्द काय येणार!

तरी मी त्यांना काही बोलले नाही. थँक्यू म्हटलं, चहा दिला. ते निघताना अभिमानानं म्हणाले, "आजोबा जन्मभर यातलंच सिरप खात होते. ब्याण्णव वर्षं जगले."

आता यावर काय बोलणार?

आदल्या वर्षीचा उद्योग थोडक्यात सांगते. परसात चार शुगर मेपल आहेत, चांगली दीड-दोन फूट जाडीची. बातम्या वाचून आम्ही त्यांना सहा तोट्या मारल्या. रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा शून्याच्या वर तापमान, असं चाललं की रस वाहतो. दिसायला पाणीच, चवीला अगदी पुसट गोड. उसाच्या रसात साखर अठरा-वीस टक्के असते, मेपलच्या रसात जेमतेम दोन. तो मी घरच्या हिंडालियमच्या पातेल्यात गॅसवर आटवायला ठेवला. तीन दिवस. खिडक्यांवरून पाण्याचे ओघळ, छताच्या रंगाला फुगे, कपाटांच्या दारांना हात लावला तर चिकट. हाती आलं पाऊण बाटली सिरप. पातेल्याच्या तळाशी वाळूसारखा थर बसला होता. इथे त्याला शुगर सँड म्हणतात, रसातलं कॅल्शियम आणि मॅलिक आम्ल मिळून तो बनतो. मी तो व्हिनेगर घालून घासला. पातेलं आतून लखलखीत झालं आणि मी खूश झाले. नवऱ्यानं बघून विचारलं, "चकाकलं म्हणजे वरचा थर खरवडला गेला ना? तो गेला कुठे?" तो चिपच्या कारखान्यात काम करतो. दहा लाखात एक कण काय करतो, यावर त्याचं पोट चालतं. असा माणूस घरात असला की भांडी घासायचं सुखही मिळत नाही.

तर हे पॅन. रात्री आईला व्हिडिओवर दाखवलं. तिनं पहिला प्रश्न केला, "कल्हई हाय का आतनं?"

"नाही गं. पत्र्यावर कथलाचा मुलामा असावा. पण सांधे डाखाचे आहेत."

"मग कळकंल की!"

कळकणं. कल्हई गेलेल्या पितळेत ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली की जी विचित्र चव येते, तिला हा शब्द. लहानपणी दारात कल्हईवाला यायचा, भाता मारून भांडं तापवायचा, नवसागर टाकायचा, आणि कापसाच्या बोळ्यानं कथील फिरवलं की आतून चांदी. आजी त्याच्या समोर ठाण मांडून बसायची, कारण कथील महाग आणि शिसं स्वस्त, आणि वितळल्यावर दोन्ही सारखीच दिसतात. आजीला रसायनशास्त्र येत नव्हतं, पण कल्हईवाल्यावर नजर ठेवायला ती चुकली नाही. आईच्या त्या एका शब्दानं मला हवं ते बळ दिलं. उगाच घाबरणारी नवी पिढी अशी जी मला माझीच लाज वाटत होती, ती गेली.

पण शिसं कळकत नाही, ही खरी पंचाईत. त्याची चव लागत नाही, वास येत नाही. लागलीच तर किंचित गोड लागते. म्हणून दुसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानातून तपासायच्या काड्यांचं पाकीट आणलं. काडीचं टोक ओलं करून घासायचं, शिसं असेल तर ते लालसर होतं. सपाट पत्र्यावर घासलं, काही नाही. कोपऱ्यातल्या डाखावर घासलं आणि मिनिटभरात काडी आपल्या कुंकवासारखी झाली.

नवऱ्यानं कागदावर हिशेब मांडला. व्हरमाँट विद्यापीठातल्या जोन्स नावाच्या संशोधकाचा एक जुना नियम इथे सगळे वापरतात: 86 ला रसातल्या साखरेच्या टक्क्यानं भागलं की एक गॅलन (सुमारे पावणेचार लिटर) सिरपला किती गॅलन रस लागेल ते कळतं. आमचा रस दोन टक्के, म्हणजे 43 गॅलन. बेचाळीस गॅलन पाणी वाफ होऊन जातं. शिसं वाफेबरोबर जात नाही. रसात आलेला जो काही अंश असेल, तो त्रेचाळीस पट घट्ट होऊन बाटलीत उतरतो. त्यात आमच्यासारखे हौशी लोक एकाच पॅनमध्ये आठ-आठ तास उकळतात, रात्री जाळ विझला की अर्धा आटलेला रस तसाच पॅनमध्ये सोडून झोपायला जातात. डाखाला रसाच्या संगतीत राहायला भरपूर वेळ मिळतो. अमेरिकेत पिण्याच्या पाण्याच्या नळजोडणीत शिशाच्या डाखावर 1986 मध्ये बंदी आली, खाण्याच्या डब्यांच्या सांध्यांवर 1995 मध्ये. आजोबांचं पॅन त्याच्या कितीतरी आधीचं.

म्हणजे दुसरं भांडं शोधणं आलं. रस तर वाहायला लागलेला, रोज पंधरा-वीस लिटर, आणि थंडीतसुद्धा तो फार दिवस टिकत नाही. दुधासारखाच नासतो.

घरात काय आहे ते आधी बघितलं. टर्की भाजायचा मोठा नॉनस्टिक ट्रे होता. त्याचा लेप 260 अंश सेल्सिअसच्या वर गेला की विघटन होऊन विषारी धूर सुटतो. आत रस आहे तोवर बूड शंभराच्या आसपास राहतं हे खरं, पण लाकडाच्या जाळाची जीभ कोरड्या काठाला लागणारच. बाद. लोणची-जॅमच्या बाटल्या उकळायचं मोठं इनॅमलचं पातेलं होतं, त्याला आतून टवका गेलेला. बाद. भारतातून आणलेली लोखंडी कढई आईला पसंत होती. "काहील लोखंडाचीच असते की, मामांचा गूळ खाऊन कोण मेलं?" बरोबर आहे, लोखंडानं कुणाचं वाईट होत नाही. पण माझ्या कढईत वीस वर्षांचं तेल मुरलंय. वाटीभर रस उकळून बघितला, तर रंग काळपट आणि वास भज्यांचा. पितळी पातेल्याला कल्हई होती, पण कथील 232 अंशालाच वितळतं. उघड्या जाळावर काठाची कल्हई ओघळून रसात जाणार. तांबं नुसतं तर विचारातही घेतलं नाही.

मग बाजार. सगळ्यात स्वस्त म्हणजे पार्टीला वापरतात ते अॅल्युमिनियमच्या फॉइलचे ट्रे. इथले बरेच नवशिके त्यातच आटवतात. मेपलचा रस फारसा आंबट नसल्यामुळे अॅल्युमिनियम फार उतरत नाही, असं वाचून एक आणून बघितला. अॅल्युमिनियमची भीती सोडा, दोन गॅलन उकळता रस भरलेला तो ट्रे दोन्ही हातांनी उचलला तेव्हा मधोमध वाकला आणि अर्धा रस माझ्या बुटांवर सांडला. बूट जाड होते म्हणून निभावलं. विष वगैरे नंतरची गोष्ट, आधी पाय भाजायचे. लेक अंगणात खेळत होती, त्या विचारानं अजून पोटात गोळा येतो.

जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचे मोठे टब जनावरांच्या खाद्याच्या दुकानात मिळतात आणि चुलीवर ठेवायला अगदी बेतशीर दिसतात. त्यांना हात लावला नाही. जस्त उकळत्या रसात उतरतं, आणि जुन्या मुलाम्यात शिसंही असायचं.

उरलं स्टेनलेस स्टील. आपण स्टीलच्या देशातले लोक, डोळे झाकून स्टील घेतो. इथे मला पहिल्यांदा कळलं की स्टीलमध्येही जाती आहेत. आपल्या डब्यांवर 18/8 लिहिलेलं असतं, म्हणजे अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल. यालाच 304 म्हणतात. 430 मध्ये निकेल जवळजवळ नसतं, ते लवकर गंजतं. आणि 201 मध्ये महाग निकेलच्या जागी बरंचसं मँगनीज घातलेलं असतं. ऑनलाइन एक स्वस्त पॅन मागवलं, त्यावर नुसतं "स्टेनलेस" लिहिलेलं. लोहचुंबक लावला तर फ्रिजला चिकटतो तसा चिकटला. जाळावर ठेवल्यावर टण्ण असा आवाज करून एक कोपरा वर आला आणि रस एकाच बाजूला जमला. दुसऱ्या आठवड्यात वेल्डिंगच्या रेघेवर तांबूस गंज.

चुंबकाची गंमत अशी की तो अर्धंच सांगतो. 304 ला तो सहसा चिकटत नाही, पण पत्रा दाबून जिथे कोपरे वळवलेले असतात तिथे किंचित ओढ जाणवते, त्यानं मी उगाच एक चांगलं पॅन परत करायला निघाले होते. आणि 201 लाही तो चिकटत नाही, म्हणजे न चिकटण्यावरून काहीच सिद्ध होत नाही. शेवटी पक्का अंक लिहिलेलं भांडंच घ्यायचं.

ते मिळालं हॉटेलांना सामान पुरवणाऱ्या दुकानात. बुफेमध्ये भाजी गरम ठेवायला जी आयताकृती पॅन असतात ना, तीच. पूर्ण मापाचं म्हणजे साधारण बारा इंच बाय वीस इंच. खोली अडीच, चार किंवा सहा इंच. मी चार इंच घेतली. अडीचमध्ये उकळी आली की उतू जातं आणि सहाची उंची फुकट, कारण रस दीड-दोन इंचापेक्षा जास्त भरायचाच नसतो. जाडी गेजमध्ये सांगतात आणि त्यातला घोळ असा की आकडा लहान तितका पत्रा जाड. पंचवीस गेज हातात घेऊन दाबलं तर लवतं, बावीस गेज लवत नाही. एकाच पत्र्यातून दाबून काढलेलं, सांधा नाही, डाख नाही, रिव्हेट नाही. माझा शोध तिथेच संपला. तीन घेतली.

नव्या पॅनला कारखान्यातलं तेल असतं. गरम पाणी आणि साबणानं दोनदा धुतली, मग प्रत्येकीत साधं पाणी उकळून फेकून दिलं. सिमेंटच्या पोकळ ठोकळ्यांची चूल मांडली, मागे पत्र्याचं धुराडं. पॅनचे काठ ठोकळ्यांवर टेकतात आणि बूड जाळात लोंबतं. ठोकळे आणि काठ यांच्यामधल्या फटीतून ज्वाळा वर येऊन रसाच्या वरचा कोरडा पत्रा तापवत होत्या, तिथे रस शिंतडला की करपायचा. लाकडाच्या शेगडीच्या दारांना लावतात ती काचतंतूची दोरी काठाखाली पसरली, बंद झालं.

तीन पॅनचं मिळून क्षेत्रफळ पाच चौरस फूट. चौरस फुटाला तासाला एक गॅलन वाफ होते असा इथला ठोकताळा. आमच्या गळक्या चुलीवर तासाला तीन गॅलन जेमतेम. मागच्या पॅनमध्ये थंड रस घालायचा, तो तापला की मधल्यात, तिथून पुढच्यात. फेस वर आला की तुपाचं बोट. इथले लोक लोण्याचा तुकडा टाकतात, तत्त्व तेच. मामांकडे काहिलीत रानभेंडीचा चीक घालायचे मळी काढायला, ते आठवून मी फ्रोझन भेंडी घालून बघायच्या बेतात होते. नवऱ्यानं हात जोडले.

पॅन एवढं शोधून आणलं आणि एक चूक करून बसले होते ती आठवड्यानं लक्षात आली. रस साठवायला मी बेकरीतून क्रीमच्या रिकाम्या पांढऱ्या बादल्या आणल्या होत्या, खाद्यपदार्थांच्याच. त्यातल्या सगळ्यात मोठीला तळाशी भोक पाडून नवऱ्याच्या सामानातली जुनी पितळी तोटी बसवली होती, ओतायला सोपं म्हणून. अख्खा रस रात्रभर त्या तोटीला लागून उभा. जुन्या पितळेत शिसं मिसळलेलं असायचं, कारण त्यानं धातू कातायला सोपा जातो. काडी घासली. लाल. तोपर्यंत तयार झालेलं दीड बाटली सिरप ओतून द्यायचं की ठेवायचं यावर घरात एक संध्याकाळ भांडण झालं. ओतून दिलं. नवरा सिंकपाशी उभा राहून बघत होता, जणू कुणाला पोचवायला आलाय.

राहिला शेजाऱ्यांचा प्रश्न. त्यांचं पॅन अंगणात शेडला टेकवून ठेवलेलं, आणि ते रोज सकाळी कुत्र्याला घेऊन समोरून जात. चूल मांडल्यावर तिसऱ्या दिवशी ती आणि तीन चकचकीत पॅन बघून ते थांबले. मी काडी दाखवली. सगळं सांगितलं, जरा घाईघाईनं आणि दोनदा सॉरी म्हणत. त्यांनी काडी डोळ्यांजवळ नेऊन बघितली, मग पॅनच्या कोपऱ्याकडे बघितलं. "हा डाख माझ्या बापानं दिलेला आहे," म्हणाले. "एकोणीसशे पन्नासच्या आसपास. मी मेणबत्ती धरून उभा होतो." आणि कुत्र्याला घेऊन चालायला लागले. दोन दिवस आले नाहीत.

मला वाईट वाटलं. पण त्या पॅनमध्ये आटवलं असतं आणि लेकीला वाटीत दिलं असतं, तर झोप लागली नसती. दोन्ही खरं आहे.

तिसऱ्या दिवशी ते घसरगाडी घेऊन आले. पॅन परत न्यायला. "त्यात टोमॅटो लावतो आता," म्हणाले. मी तोंड उघडणार तेवढ्यात स्वतःच म्हणाले, "नको. फुलं."

मार्चच्या शेवटच्या शनिवारी शेवटचा घाणा काढला. पुढच्या पॅनमधला रस सोनेरी झाल्यावर घरात आणून लहान पातेल्यात घेतला, कारण शेवटच्या टप्प्यात लाकडाच्या जाळावर ताबा राहत नाही आणि इंचाच्या खाली गेलं की पॅन करपतं. एकदा करपवलंय, स्टील असूनही दोन तास घासत होते. पण स्टील असल्यामुळे व्हिनेगर घालून निर्धास्त घासता येत होतं. पाणी ज्या तापमानाला उकळतं त्याच्या वर साधारण चार अंश गेलं की सिरप झालं. थर्मामीटर 104 दाखवायला लागला. आई व्हिडिओवर होती. तिनं थर्मामीटरकडे बघितलंही नाही, "झाऱ्यावरनं सोड बघू," म्हणाली. सिरप झाऱ्याच्या काठावरून पडद्यासारखं पसरून सुटलं. "झाली काकवी. उतरव." इथले जुने लोकही असंच झाऱ्यावरून बघतात.

दुपारी शेजारी आले. इथली रीत अशी की सिरप अजून थोडं आटवून ताज्या बर्फावर ओततात, ते चिवट होतं, काट्यावर गुंडाळून खातात. सोबत डोनट आणि आंबट काकडीचं लोणचं, गोडानं तोंड बसलं की चावायला. काकडीचं नव्हतं. मी कैरीचं काढलं. आजीची चिनीमातीची लहान बरणी आहे, पिवळट झिलईची, कापडात गुंडाळून हातातल्या बॅगेतून आणलेली. म्हाताऱ्यांनी बर्फावरचा गोळा खाल्ला, लोणच्याची फोड खाल्ली, डोळे पुसले, आणखी एक फोड घेतली. मग बरणी हातात घेऊन उजेडात फिरवली, आतल्या झिलईकडे बघितलं, तिच्या बारीक तड्यांवर अंगठा फिरवला.

"हे किती दिवस यात असतं?"

"वर्षभर."

"आंबट?"

"हो. आणि मीठ."

त्यांनी बरणी हळूच टेबलावर ठेवली. "ही तपासलीस का?"

मी कपाटातून पाकीट काढलं. त्यात एकच काडी उरली होती.